टक्केबाईंचा खरा आकडा

शाळेत त्यांना तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की टक्केबाई. त्यांना ते ठाऊक होतं. सुरुवातीला राग आला, मग हसू आलं, आणि पुढं पुढं तर फोनवर स्वतःच्याच तोंडून निघून जायचं, "हां, टक्केबाई बोलतेय." पलीकडचा माणूस गप्प झाला की मग यांच्या लक्षात यायचं.

मूळच्या त्या गणिताच्या. एकदा हेडसरांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, मुलांना पुढच्या शिक्षणाचं मार्गदर्शन करणारं कुणीतरी हवंय, तुमचा आकड्यांत हात बसलेला आहे, या वर्षापुरतं बघा. या वर्षापुरतं म्हणून गळ्यात पडलेलं ते काम पुन्हा उतरलं नाही. हेडसर बदलले, भिंतींचा रंग बदलला, बाईंचे केस पिकले, आणि 'या वर्षापुरतं' अजून चालूच.

त्यांची खोली व्हरांड्याच्या टोकाला. अर्धी खोली बाईंची, अर्धी खेळाच्या सामानाची. पाठीमागं जाळीत बांधलेले चेंडू, कोपऱ्यात उड्या मारायची गुंडाळलेली गादी, आणि त्या सगळ्याचा घामट रबरी वास. एखादा बाप जीव तोडून बोलत असायचा आणि तेवढ्यात पीटीचे सर दार ढकलून आत, "सॉरी हं मॅडम, फक्त शिट्टी घेतो." टेबलासमोर दोन खुर्च्या. एकीला हात होते, दुसरीचे मोडलेले. बाप आला की विचार न करता हातवाल्या खुर्चीत बसायचा, आई दुसरीत, आणि ज्याच्यापायी हा सगळा कुटाणा ते पोर भिंतीला टेकून उभं. तिसरी खुर्ची मागून मागून बाईंनी शेवटी नाद सोडला होता.

लोक यायचे ते एकच गोष्ट विचारायला. आमच्या पोराचं 'मोठ्यात' होईल का? मोठं म्हणजे सगळ्यांत वरचं विद्यापीठ. त्याचं पूर्ण नाव घ्यायची कुणाला गरजच पडत नव्हती. शंभर पोरं दार ठोठावतात आणि चार आत घेतात, असं ते ठिकाण. आणि ती शंभरही काही ऐरीगैरी नसतात, आपापल्या शाळेत पहिली आलेलीच असतात.

बाई मार्क बघायच्या, प्रवेशपरीक्षेचा निकाल बघायच्या, पोराचा निबंध दोनदा वाचायच्या, अशाच पोरांचं मागं काय झालं ते आठवायच्या. पेन्सिल टेबलावर हळूहळू आपटत त्यांच्या डोक्यात एक आकडा बसायचा. तो बसला की बसला. मग त्या आकड्याचे निम्मे करायच्या आणि सांगायच्या.

ही त्यांची रीत. ती कुणाला माहीत नाही अशी त्यांची समजूत होती.

रीत पडली त्याला कारण झालं. आधी त्या खरंच सांगायच्या. एका आईला, दुसऱ्या एका बऱ्या विद्यापीठासाठी, सत्तर टक्के सांगितले होते. पोराचं झालं नाही. ती आई आली ती खुर्चीत बसलीच नाही.

"तुम्ही सत्तर म्हणाला होता."

"हो. म्हणजे तीस उरतात ना."

"ते तीस तुम्ही म्हणाला नव्हता."

शब्दशः खरंच होतं ते. सत्तर सांगितलं की माणूस शंभर ऐकतो, आणि तिसाचं बोललं तर तेवढ्यापुरता बहिरा होतो. त्या वर्षापासून बाईंनी निम्म्याचा धंदा सुरू केला. पोराचं झालं तर लोक हसत येत आणि म्हणत, काय मॅडम, उगाच घाबरवलंत. नाही झालं तर मान हलवत, मॅडम म्हणाल्याच होत्या. दोन्हीकडून सुटका. बाईंना त्यात फार मोठं पाप वाटलं नाही. रोज एका नव्या माणसाच्या तोंडावरचं पाणी उतरताना बघायचं म्हणजे अंगावर थोडं तेल चोपडूनच बसावं लागतं.

फक्त एक गोष्ट त्यांना अधूनमधून चमत्कारिक वाटायची. लोक आत बसलेले असताना पार खचायचे. एक दातांचा डॉक्टर तर पोराचे नऊ टक्के ऐकून स्वतःचाच जबडा चोळत बसला होता. पण बाहेर पडल्यावर जरा वेळानं व्हरांड्यातून हसण्याचा आवाज यायचा. दाराबाहेर बाकावर शाळेचा शिपाई बसलेला असायचा, त्याला सगळे मामा म्हणत. बाईंना वाटायचं, मामा काहीतरी गंमत सांगून लोकांना धीर देत असेल. बरा माणूस आहे.

यंदा त्यांच्या स्वतःच्या भावाची पोर त्या रांगेत होती.

भाऊ धाकटा. लिफ्ट दुरुस्त करायचा. बाई त्याला अजून बाळ्या म्हणत आणि तो वैतागायचा, कारण त्याच्या हाताखालच्या माणसांनीही ते उचललं होतं. त्याची मुलगी लहानपणापासून जे दिसेल ते गोळा करून ठेवायची म्हणून तिला खारू म्हणत. बाप कामावरून झिजलेल्या वायररोपचे, म्हणजे लिफ्टच्या पोलादी दोराचे, तुकडे आणायचा, ही भिंग घेऊन बसायची. कुठली तार घासून तुटली, कुठली ताणून तुटली, कुठली आतून गंजली. मोठ्याच्या अर्जासोबत निबंध लिहायचा होता, तो तिनं त्या दोरावरच लिहिला. बाईंनी तो वाचला आणि चष्मा काढून पुसला. निबंध चांगला होता. चांगले निबंध दरवर्षी ढिगानं येतात, हेही त्यांना माहीत होतं.

एका रविवारी सकाळी त्या भावाकडं गेल्या. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत भावजयीचं शिलाई मशीन आणि त्याच्याभोवती कुणाच्या तरी घराचे पडदे. भावजय पडद्याला कड्या लावत होती. बाळ्यानं चहा पुढं केला आणि उभ्या उभ्याच विचारलं.

"ताई, आता सांगून टाक. खारूचे किती?"

खारू आतल्या खोलीच्या दारात येऊन थांबली.

बाईंचा आकडा केव्हाच बसला होता. बारा. चार टक्क्यांच्या ठिकाणी बारा म्हणजे पोर किती वर होती ते समजा. आता निम्मे करायचे तर सहा सांगायला हवे होते. पण समोर भाऊ, कडेला भावजय, दारात ती पोर. परक्या लोकांना मापात पाणी घालून दिलं तर चालून जातं, घरच्यांच्या ताटात तसं वाढायला हात धजेना.

"बारा," त्या म्हणाल्या.

बाळ्याचं तोंड उजळलं. त्यानं बायकोकडं असं बघितलं की जणू लिफ्ट पहिल्या दणक्यात सुरू झाली.

"बारा म्हणजे कमी असतात हं बाळ्या," बाई म्हणाल्या.

"हो हो. कळलं की." आणि तो गुणगुणत आंघोळीला गेला.

बाईंना वाटलं, बापाचं काळीज आहे, पोरीसमोर तोंड पाडायचं नाही म्हणून हसतोय. त्यांना भाऊ कधी नव्हे तो शहाणा वाटला.

मध्ये बरेच दिवस गेले. खारूला नदीपलीकडच्या विद्यापीठातून जागा आली. ते काही मोठं नव्हे, पण चांगलं होतं. तिला हवा होता तोच विषय, राहायला वसतिगृह. अट एकच. शुक्रवारपर्यंत 'येते' म्हणून कळवायचं. नाही कळवलं तर जागा दुसऱ्याला. कळवलं तर बाकी सगळीकडचे अर्ज आपोआप रद्द. मोठ्याचा निकाल यायला अजून वेळ होता. म्हणजे हातात आलेली जागा घ्यायची तर मोठ्यावर पाणी सोडायचं, आणि मोठ्याची वाट बघायची तर ही गेली.

बाईंच्या लेखी यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. बारा टक्क्यांसाठी कोण हातची जागा सोडतं? त्या बिनघोर होत्या.

बुधवारी दुपारी भावजय शाळेत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मोडक्या हातांच्या खुर्चीत बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली.

"वन्सं, ह्यांनी जागा सोडायची ठरवलीय."

"कुठली?"

"नदीपलीकडची. म्हणतात कळवायचंच नाही. सगळ्या बिल्डिंगींतून सांगत सुटलेत, माझी पोर मोठ्यात चालली म्हणून."

"अगं पण बारा टक्क्यांवर?"

भावजयीनं मान वर केली. "बारा कुठले? चोवीस ना?"

"चोवीस कुणी सांगितले?"

"तुम्ही बारा सांगितले म्हणजे चोवीसच झाले की. सगळं गाव तसंच धरतं. तुम्ही सांगाल त्याचे दुप्पट करून घ्यायचे. आणि हे तर म्हणतात, ताई आपल्या माणसाला आणखीच हात राखून सांगणार, म्हणजे चाळीस कुठं गेले नाहीत. का हो? तसं नसतं?"

बाईंनी मामाला हाक मारली. मामा आला, हातात चहाचा पेला.

"मामा, तुम्ही बाहेर बसून लोकांना काय सांगता?"

मामानं पेला टेबलावर ठेवला. माणूस सरळ. "दुप्पट करा म्हणून सांगतो."

"कधीपासून?"

"आता ते कसं सांगू. बरीच वर्षं झाली. लोक इथून तोंड असं करून बाहेर येतात ना मॅडम, बघवत नाही. मी आपला बसल्या बसल्या ताळा घेतला. तुम्ही दहा म्हणालात की पाचात एकाचं होतंय. म्हटलं, मॅडम निम्मं ठेवून घेतात. मग मी उरलेलं देऊन टाकतो."

"उरलेलं देऊन टाकता."

"तुमचं काम हलकं व्हावं म्हणून. वाईट वाटलं का?"

वाईट काय वाटायचं? बाई आत बसून निम्मं कापत होत्या आणि मामा बाहेर बसून ते पुन्हा शिवत होता. लोकांच्या हातात पडत होता तो खराच आकडा. एवढ्या वर्षांचा खटाटोप करून बाईंनी मिळवलं काय, तर काही नाही. हिशोब जागच्या जागी. आणि एकदा, आयुष्यात एकदाच, घरच्यांना खरं सांगितलं, ते दुप्पट होऊन बसलं. त्यांना हसू आलं पण ते वरपर्यंत पोचलं नाही. दमलेल्या माणसाचं हसू असंच मध्ये कुठंतरी बसून राहतं.

"चहा घ्या, थंड होईल," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई भावाच्या कामावर गेल्या. आठ मजल्यांची इमारत, लिफ्ट बंद म्हणून जिना चढून गेल्या. गच्चीवरच्या खोलीत बाळ्या मोटारीपाशी उकिडवा बसला होता. कोपरापर्यंत ग्रीस. मोठ्या चाकावरून दोर खाली अंधारात उतरलेले. खालून कुठल्या तरी मजल्यावरून एका म्हातारीचा आवाज आला.

"अरे ए, लिफ्ट कधी चालू होणार?"

"दहा मिनिटं आजी," बाळ्या ओरडला.

बाई चाकाकडं बघत म्हणाल्या, "दहा मिनिटांत होईल?"

"छे. तासभर लागेल."

"मग दहा का सांगितलंस?"

"तास सांगितला तर भांडायला वर येतात."

बाई रंगाच्या उलट्या डब्यावर बसल्या. एका आईची लेकरं आम्ही, त्यांच्या मनात आलं, दोघांनीही धंदा एकच निवडला.

"बाळ्या, खारूचे बारा खरे बारा आहेत. मी निम्मे केले नव्हते."

त्यानं पाना खाली ठेवला नाही. "हिनं सांगितलं वाटतं तुला."

"हो. आणि ऐक. दुप्पट वगैरे काही नाही. बारा म्हणजे बारा. ती जागा सोडू नकोस."

"आता घाबरलीस तू." तो हसला. "उद्या नाही झालं तर आपल्या माथी नको, म्हणून आता सावरून घेतेस. मी ओळखतो तुला."

"अरे शपथेवर सांगते."

"त्या दाताच्या डॉक्टरला नऊ सांगितलेस. त्याचे अठरा निघाले. शेजारच्यांना पाच सांगितलेस, त्यांचे दहा. जगाला कापून सांगतेस आणि मलाच तेवढं अख्खं? का? मी काय वेगळा?"

"भाऊ आहेस."

"म्हणून तर जास्त कापशील."

बाईंनी कुठलाही आकडा काढला तरी तो बाळ्याच्या गिरणीतून दळूनच निघणार होता. चोवीस म्हणाल्या असत्या तर त्यानं अठ्ठेचाळीस केले असते. सहा म्हणाल्या असत्या तर म्हणाला असता, बघ, आता बारावर आली. ज्या आकड्यांवर त्यांनी पोट भरलं त्यातला एकही आता कामाचा उरला नव्हता.

बाळ्यानं चिंधीला हात पुसले. आवाज जरा खाली आला. "ताई, तुझी सवयच आहे ती. तू स्वतःचेही निम्मेच धरलेस. तुझ्या वेळी मोठ्याला अर्जच केला नाहीस. मास्तर घरी येऊन सांगून गेले होते, पोर हुशार आहे, भरू द्या अर्ज. तू म्हणालीस, कशाला उगाच."

"माझे नव्हतेच रे तेवढे."

"कुणी बघितले?"

"मी बघितले. तेव्हाही येत होतं मला गणित." त्या डब्यावरून उठल्या. गुडघे दुखत होते. "माझे दोन होते. दोनचेच निम्मे कशाला करू?"

खालून म्हातारीनं पुन्हा हाक मारली. त्यानं पुन्हा दहा मिनिटं सांगितली.

शुक्रवारी दुपारी खारू स्वतःच आली. दप्तर जमिनीवर टाकलं आणि हातवाल्या खुर्चीत बसली. डोळ्यांखाली काळं, केसांना तेलपाणी नाही. वर्षभर परीक्षा, त्यावर परीक्षा, निबंध, त्या निबंधाचा पुन्हा निबंध. या दिवसांत सगळीच पोरं अशी दिसतात. ही घरची म्हणून बाईंना ते जास्त दिसलं.

"आत्या, खरं बारा का?"

"खरं बारा."

"मग बरं झालं."

"बरं कसलं?"

"चाळीस असते तर मला थांबावंच लागलं असतं." तिनं टेबलावरची पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. "मला नदीपलीकडं जायचंय. तिथं तारेच्या ताणाची परीक्षा घ्यायचं मशीन आहे, पहिल्याच वर्षी हात लावू देतात. मी विचारून घेतलंय त्यांना. आणि मला आता थांबायचं नाहीये. रोज उठून तेच. झालं का, होईल का, किती टक्के. वाण्याच्या दुकानातही मला टक्के विचारतात."

"हे बापाला सांगितलंस?"

"कसं सांगू? त्यांनी आठही मजल्यांवर सांगून ठेवलंय. मी जाते म्हटलं की त्यांना वाटणार, पोरीनं कच खाल्ली."

बाईंनी तिच्याकडं नीट बघितलं. कच खाल्लेली पोरं त्यांनी पुष्कळ बघितली होती, ती डोळ्याला डोळा देत नाहीत. ही देत होती. मोठ्यात गेली असती तरी ही पहिल्या दिवशी मला ते मशीनच दाखवा म्हणाली असती.

"भर," बाई म्हणाल्या आणि कॉम्प्युटर तिच्याकडं वळवला.

खारूनं पान उघडलं. 'येते' वर बोट ठेवलं. पानावर अक्षरं आली की पालकांच्या फोनवर आकडे पाठवले आहेत, ते इथं भरा. पालक म्हणजे बाळ्या. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. पोरीच्या मनात आलं ते आत्याच्याही मनात आलं, की आकडे दुरुस्त करणाऱ्या मामाला सांगून काही जमतंय का. पण असलं काही जमत नसतं.

खारूनं फोन लावला आणि टेबलावर मध्ये ठेवला. पलीकडं मोटारीची घरघर.

"बाबा, तुमच्या फोनवर आकडे आलेत. ते वाचून दाखवा."

"कसले?"

"नदीपलीकडचे. मी 'येते' म्हणून भरलंय."

घरघर थांबली. त्यानं बटण बंद केलं असावं.

"कुठं आहेस तू?"

"आत्याकडं."

"तिनं भरवलं का तुझ्या मनात?"

"नाही. मीच आले. बाबा, मला जायचंय तिकडं. खरंच जायचंय. घाबरून नाही."

"अगं, मी सगळ्यांना सांगितलंय..." तो थांबला. त्याचं त्यालाच ऐकू आलं असेल. मग म्हणाला, "ताई आहे का तिथं?"

"आहे मी."

"आता फिरवाफिरवी करू नकोस. पोरीसमोर सांग. किती?"

"बारा."

"कापलेले?"

"अख्खे."

मागून कुणीतरी कुणालातरी लिफ्टबद्दल विचारत होतं, आणि बाळ्यानं या वेळी दहा मिनिटं सांगितली नाहीत, "माहीत नाही" म्हणाला. मग त्यानं एकेक आकडा वाचला, सावकाश, चष्मा घरी विसरलेल्या माणसासारखा. खारूनं भरला. पानावर हिरवी खूण आली. ती खूण बाईंनी शेकडो पोरांच्या बाबतीत बघितली होती. खारूनं फोन कानाला लावून "बाबा" म्हटलं, पण तोवर त्यानं ठेवला होता.

पोर टेबलावर डोकं ठेवून तशीच बसून राहिली. पीटीचे सर शिट्टीसाठी आले, बाईंनी हातानंच त्यांना परत पाठवलं.

मोठ्याचा निकाल लागला त्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेतली एकच पोर आत गेली. बाकीचे आईबाप एकेक करून बाईंकडं येत होते आणि ऐकून जात होते. ऐकण्यासारखं काही नव्हतं, पण कुणाकडून तरी ऐकावं लागतं. दुपार कलंडली तेव्हा बाळ्या आत आला. कामाचे कपडे, हात धुतलेले. घरात तेवढे दिवस त्यानं बायकोशीही मोजकंच बोलणं ठेवलं होतं, बहिणीशी तर नाहीच. खुर्चीवर बसला.

"जी गेली ती कोण?"

"आहे एक. बापाचं घड्याळांचं दुकान आहे."

"तिचे किती होते?"

बाईंना खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "सात."

"सात," बाळ्या म्हणाला. "अख्खे?"

"अख्खे."

"आणि गेली."

"गेली."

"मग आपली गेली असती."

"तसं नसतं रे."

"मग कसं असतं? साताची जाते आणि बाराची जात नाही? काहीतरी कारण असेलच ना. लिफ्ट बंद पडली की मी कारण शोधतो, ते सापडतंच. कधी वायर, कधी दार, कधी कुणीतरी मध्ये चप्पल अडकवलेली."

"इथं सापडत नाही. मी इतकी वर्षं शोधलं."

"खारूचं झालं असतं का नसतं?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"बारा."

"अजून बाराच? निकाल लागला की आज."

"तिचा लागलाच नाही ना. आता लागणारही नाही. तुला जन्मभर बाराच धरून बसावं लागणार, बाळ्या. मलाही."

बाळ्या हसणार होता, पण नाही हसला. टेबलावर पडलेला एक रबराचा तुकडा उचलून त्यानं तो उगाच दोन बोटांत चुरला. "ती मजेत आहे," तो म्हणाला. "काल हिच्याकडून पडद्याच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवून घेतली, बूट ठेवायला. मला म्हणाली, बाबा, तिथल्या खाटेचं माप घेऊन गादी बघू या. मी म्हटलं, तू आणि तुझी आई बघा. तर म्हणते, नाही, तुम्हीच चला, तुम्ही टेप घेऊन मोजता." त्यानं घड्याळाकडं बघितलं. "तिचं गादीचं दुकान ठरलंय. सहापर्यंतच असतं. तू चल बरोबर. मी एकटा तिच्यासमोर तिथं काहीतरी बोलून बसेन."

बाईंनी दाराकडं बघितलं. बाहेर अजून एक जोडपं उभं होतं, बायको नवऱ्याच्या शर्टाची कॉलर नीट करत होती आणि तो तिचा हात झटकत होता.

"हे एवढं आटोपते," बाई म्हणाल्या. "बाहेर बाकावर बस. मामाला चहा सांग."

बाळ्या उठला आणि बाहेर जाऊन बसला.